उधाण म्हणजे भरती नव्हे आणि भांग म्हणजे ओहोटी नव्हे

खाडीतून होडीने आत जाणाऱ्यांना सगळ्यात महागात पडते ती ही गल्लत. भरती-ओहोटी रोजची असते. एका भरतीनंतर दुसरी साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, त्यामुळे वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. उधाण म्हणजे हा चढउतार मोठा असण्याचे दिवस, भांग म्हणजे लहान असण्याचे. उधाण-भांगाचा फेरा पंधरवड्याचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आणि दोन्हींत भरतीही येते, ओहोटीही.

मुंबईत उधाणाला पाणी सरासरी 4.4 मीटरपर्यंत चढतं आणि 0.8 पर्यंत उतरतं. भांगाला 3.3 ते 1.9 एवढीच हालचाल. म्हणजे सगळ्यात कमी पाणी उधाणातच! हे आकडे नकाशातल्या खोलीत मिळवायचे: नकाशात 0.2 मीटर खोली दाखवलेल्या जागी उधाणाच्या ओहोटीला जेमतेम 1 मीटर पाणी उरतं, भांगाच्या ओहोटीला 2.1. दक्षिणेला दाभोळ, गोव्याकडे आकडे लहान होतात, हिशेब तोच.

दाभोळहून वाशिष्ठी नदीतून चिपळूणकडे जाताना वरच्या अंगाला गाळाचे, वाळूचे पट्टे लागतात. ते ओलांडायला उधाणाची भरती सोयीची, पण तेव्हा पाण्याची ओढ जास्त आणि पुलाखाली मोकळी जागा कमी. शिवाय ऐन उधाणाच्या माथ्यावर होडी रुतली, तर पुढची प्रत्येक भरती आदल्या भरतीपेक्षा बुटकी. सुटका पुढच्या उधाणाला, म्हणजे पंधरा दिवसांनीही होऊ शकते. म्हणून उथळ पट्टा पाणी चढत असतानाच गाठावा. टेकलात तरी तासाभरात पाणीच उचलतं. ढकलायला चिखलात मात्र उतरू नका, वाशिष्ठीत मगरी आहेत.

भरतीच्या वेळेचा मुंबईकडचा ठोकताळा: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. हा अंदाजच, निघण्याआधी त्या बंदराचा भरतीचा तक्ता बघायचाच. तक्त्यातली वेळ मुखाजवळची असते, खाडीत आत भरती उशिरा पोचते. पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही धरा: सहा तासांतली जवळपास निम्मी चढ तिसऱ्या-चौथ्या तासात होते आणि ओढही तेव्हाच सर्वाधिक.

भांगात वर फार लांब जाता येत नाही, पण ओढ मंद असते आणि चूक निस्तरता येते. नवख्याने पहिली फेरी भांगातच करावी. मुखावरचा वाळूचा बांध मात्र कुठल्याही तिथीला भरतीच्या माथ्याजवळच ओलांडायचा, कारण बाहेर पडणारं पाणी समोरून येणाऱ्या लाटांना भिडलं की तिथे लाटा उभ्या राहून फुटतात, आणि उधाणाच्या ओहोटीत सगळ्यात जोरात.