नाथांची शांती आणि आपली भीड

पैठणच्या एकनाथ महाराजांना शांतिब्रह्म म्हणतात. त्यावरून आपल्या मराठवाड्यात एक समज पक्का बसलाय: जो भांडत नाही, चारचौघांत विरोधात बोलत नाही, तो नाथांच्या वाटेवरचा. मला हे पटत नाही. एक माणूस देवापायी राग सोडतो, दुसरा लोकांपायी देवाचं म्हणणं सोडतो. बाहेरून दोघंही सारखेच शांत दिसतात.

फरक ओळखायचा तर नाथांच्याच दोन कथा शेजारी ठेवून बघाव्यात.

पहिली सगळ्यांना पाठ आहे. नाथ गंगेवरून (गोदेला आपण गंगाच म्हणतो) स्नान करून निघाले की एक यवन त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ परत नदीवर जायचे, परत स्नान करायचे. असं १०८ वेळा झालं म्हणतात. शेवटी तो माणूसच पाया पडला, आणि नाथ म्हणाले की तुझ्यामुळे मला आज इतकी गंगास्नानं घडली.

दुसरी कथा श्राद्धाची. स्वयंपाक तयार होता, त्याचा वास रस्त्यावर गेला. ज्यांना गाव तेव्हा शिवून घेत नव्हतं, त्यांच्यातलं एक कुटुंब तिथून चाललं होतं. असलं अन्न आपल्या नशिबात कुठलं, हे त्यांचं बोलणं नाथांच्या कानावर पडलं. नाथांनी आणि त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंनी ते अन्न त्यांनाच वाढलं. मग ब्राह्मणांसाठी नव्याने स्वयंपाक केला, तरी ते जेवायला येईनात. तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन जेवले, असं कथा सांगते.

आता बघा. पहिल्या कथेत अपमान नाथांचा स्वतःचा होता, तो त्यांनी नदीत सोडून दिला. दुसरीत दारात आलेल्या माणसातल्या देवाचा प्रश्न होता. तिथे अख्खं पैठण नाराज झालं तरी नाथांनी वाढलेलं पान उचललं नाही. थुंकी सोसणारा माणूस भिडस्त असता तर त्याने श्राद्धाच्या दिवशी आधी गावाकडे पाहिलं असतं.

आपलं बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं. गावात सप्ताह असतो. पत्रिकेत नाव राहिलं, नारळ-टॉवेल दुसऱ्याला आधी दिला, एवढ्यावरून माणूस काल्याच्या कीर्तनाला येत नाही. ‘माझं काही नाही हो, पण देवाच्या कामात असं बरं नाही,’ असंही वर सांगतो. त्याच सप्ताहात महाप्रसादाला काही घरची माणसं कडेला वेगळी बसवली, तर मात्र हाच माणूस मान खाली घालून जेवतो. कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा! त्याचा राग देवासाठी नव्हता आणि त्याचं गप्प बसणंही देवासाठी नाही.

राग आला की मी एकच विचारतो: हेच माझ्याऐवजी दुसऱ्याच्या बाबतीत झालं असतं, तर इतकाच आला असता का? गप्प बसलो की उलटं विचारतो: इथे कुणी ओळखीचं नसतं, तरी गप्पच बसलो असतो का? उत्तर बहुधा लगेच मिळतं आणि ते गोड नसतं.

दुखावलेला मान खोटा असतो असं मात्र नाही. नरसीच्या नामदेवांना तेरच्या गोरोबाकाकांनी भर संतमंडळीत कच्चं मडकं ठरवलं, तेव्हा ते चांगलेच दुखावले. विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले. देवाने बाजू घेतली नाही, त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे, त्यांना गुरू करायला धाडलं. नामदेव गेले. नाराजी मनात असतानाही पाय देव सांगेल तिकडे वळवता येतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. पत्रिकेत नाव नसलेल्या माणसानेही काल्याला यावं, वाढपाला उभं राहावं, आणि पंगत एकच बसेल हे तिथेच सगळ्यांसमोर सांगावं. दोन-चार घरं वर्षभर बोलणार नाहीत, हे धरूनच सांगावं.