रायनएअर

रायनएअर : आयर्लंडमधील अल्पदर विमानकंपनी, प्रवासीसंख्येच्या हिशेबाने युरोपातील सर्वांत मोठी. मुख्यालय डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स येथे. मार्च २०२५ अखेरच्या आर्थिक वर्षात तिने २० कोटींवर प्रवासी नेले. वर्षभरात हा पल्ला गाठणारी ती पहिली युरोपीय विमानकंपनी ठरली. लोकांच्या तोंडी तिचे नाव स्वस्त तिकिटामुळे असते. मात्र ते तिकीट परवडते कसे, हे समजून घ्यायचे तर तिचे विमान जमिनीवर किती मिनिटे थांबते, ते आधी पाहावे लागते.

विमाने भाड्याने देण्याच्या धंद्यात नाव कमावलेले टोनी रायन हे संस्थापकांपैकी एक. स्थापना १९८४ची. पुढच्याच वर्षी आयर्लंडमधील वॉटरफर्ड ते लंडनचे गॅटविक अशी सेवा सुरू झाली. विमान १५ आसनी एम्ब्रेअर बांदेरांते. त्याचे छत इतके बुटके, की हवाई सेविकांची उंची पाच फूट दोन इंचांच्या आत असावी अशी अटच होती. १९८६ मध्ये कंपनी डब्लिन–लंडन मार्गावर उतरली. तिथे तोवर आयर्लंडची एअर लिंगस आणि ब्रिटिश एअरवेज या दोघांचेच राज्य होते, आणि परतीचे तिकीट २०९ पौंडांना पडे. रायनएअरने ते ९९ पौंडांना दिले. प्रवासी धावून आले, पैसे मात्र आले नाहीत. निरनिराळ्या जातींची विमाने, बिझनेस क्लास, नेहमीच्या प्रवाशांसाठी सवलती, असा मोठ्या कंपन्यांचा थाट स्वस्त तिकिटावर पेलणे शक्य नव्हते. १९९० पर्यंत तोटा २ कोटी पौंडांच्या घरात गेला.

त्या सुमारास रायन यांचे आर्थिक सल्लागार मायकेल ओ'लिअरी अमेरिकेत डॅलसला जाऊन साउथवेस्ट एअरलाइन्स या तिथल्या अल्पदर कंपनीचा कारभार पाहून आले. तिथली पद्धत त्यांनी आयर्लंडमध्ये आणली, आणि ती साउथवेस्टपेक्षाही कंजूषपणे राबवली. १९९४ मध्ये ते मुख्याधिकारी झाले. त्याच वर्षी पहिले बोइंग ७३७ आले आणि पुढे ताफा याच एका जातीवर उभा राहिला : वैमानिकांचे एकच प्रशिक्षण, एकाच तऱ्हेचे सुटे भाग, कोणत्याही विमानावर कर्मचाऱ्यांची कोणतीही तुकडी. (लाउडा या उपकंपनीकडची एअरबस विमाने हा अपवाद.)

विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत २५ मिनिटे, हे उद्दिष्ट. पुढच्या दाराची शिडी विमानातच घडी घालून ठेवलेली असते; विमान थांबले की ती बाहेर सरकते. मागच्या दाराला बाहेरून दुसरी शिडी लावतात. दोन्ही दारांतून माणसे उतरतात आणि दोन्ही दारांतूनच नवी चढतात. एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दाराला जोडणारा बंदिस्त पूल, शक्यतो नकोच, कारण त्याचे भाडेही पडते. आसनाची पाठ मागे झुकत नाही. समोर खिसा नसतो, त्यामुळे त्यात कागदाचे कपटे कोंबले जात नाहीत आणि ते कुणाला उपसावेही लागत नाहीत. सुरक्षा-सूचनांचा तक्ता समोरच्या पाठीवरच चिकटवलेला असतो. अशी वाचवलेली मिनिटे गोळा होऊन तेच विमान दिवसाकाठी एखादी जादा फेरी मारते.

१९९७ पर्यंत युरोपीय संघातील हवाई वाहतूक पूर्ण खुली झाली आणि रायनएअर खंडभर पसरली. त्याच वर्षी तिचे समभाग बाजारात आले. तिने निवडले ते ओस पडलेले, लष्कराने सोडलेले, आडगावचे विमानतळ. 'फ्रँकफर्ट–हान' हा फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर! प्रवासी आणून देण्याच्या बदल्यात शुल्कात घसघशीत सूट पदरात पाडून घ्यायची, आणि सूट संपली की बस्तान हलवण्याचा इशारा द्यायचा, ही तिची घासाघीस. ब्रसेल्ससाठी वापरल्या जाणाऱ्या शार्लरॉय विमानतळाच्या सवलतींचा काही भाग बेकायदा सरकारी मदत असल्याचे युरोपीय आयोगाने २००४ मध्ये ठरवले. २००८ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अशा लहान गावांना तिने जगाशी जोडले हे खरेच, पण एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या विमानतळाची मान त्याच्या हातात राहते, हेही तितकेच खरे.

तिकिटाबाहेरची कमाई हा दुसरा आधार. सामान, हवी ती जागा, आधी चढण्याची मुभा, खाणेपिणे. अलीकडे एकूण उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग यातून येतो. विमानातले स्वच्छतागृह वापरायला नाणे टाकायला लावू, असे ओ'लिअरी २००९ मध्ये म्हणाले. तसे कधी झाले नाही, पण जगभरची वर्तमानपत्रे फुकटात कंपनीचे नाव छापत राहिली.

विमानखरेदीतही तोच हिशेब दिसतो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सारे हात आखडून बसले असताना, जानेवारी २००२ मध्ये तिने १०० बोइंग मागवली. डिसेंबर २०२० मध्ये महासाथीच्या काळात बोइंग ७३७ मॅक्स जातीची आणखी ७५. मंदीत विमाने स्वस्त मिळतात. माणसांच्या बाबतीत मात्र ही काटकसर अंगाशी आली. सप्टेंबर २०१७ मध्ये वैमानिकांच्या रजांचे वेळापत्रक कोलमडून हजारो उड्डाणे रद्द करावी लागली, आणि तीसेक वर्षे कामगार संघटनांना दारात उभे न करणाऱ्या कंपनीने त्या डिसेंबरात त्यांना मान्यता देऊ केली.

युरोपात शिकणाऱ्या मराठी मुलांना ही कंपनी ओळखीची झाली ती शिक्क्यामुळे. घरून छापून आणलेला बोर्डिंग पास युरोपीय प्रवाशाला पुरत असे; भारतीय पासपोर्टवाल्याने मात्र आधी काउंटरवर व्हिसा दाखवून पासावर शिक्का मारून घ्यायचा, हा नियम होता. १२ नोव्हेंबर २०२५ पासून कंपनीने कागदी पासच बंद करून मोबाइलवरचा पास सुरू केला.