एमॉकचे स्थैर्य आणि हवामान प्रारूपे

अटलांटिक महासागराच्या वरच्या थरातील उबदार व खारट पाणी उत्तरेकडे वाहत जाते, ग्रीनलंड आणि आइसलँडच्या परिसरात थंड होऊन जड होते, खोल बुडते आणि तळाकडच्या थरांतून दक्षिणेला परतते. या चक्राला अटलांटिक मेरिडिओनल ओव्हरटर्निंग सर्क्युलेशन, थोडक्यात ‘एमॉक’, म्हणतात. २६.५° उत्तर अक्षवृत्तावर २००४ पासून बसवलेल्या ‘रॅपिड’ उपकरणमालिकेच्या मोजणीनुसार त्याचा प्रवाह सरासरी १७ स्वेरड्रुपच्या आसपास आहे. एक स्वेरड्रुप म्हणजे सेकंदाला १० लाख घनमीटर पाणी. जगातील सर्व नद्या मिळून समुद्रात साधारण सव्वा स्वेरड्रुप पाणी ओततात, यावरून या चक्राच्या आकाराची कल्पना यावी. एवढे अवाढव्य चक्र तुलनेने थोड्या गोड्या पाण्याने मंदावू शकते, किंवा बंदही पडू शकते का, हा त्याच्या स्थैर्याचा प्रश्न आहे. तो प्रत्यक्ष समुद्रावर प्रयोग करून सोडवता येत नसल्याने संगणकीय हवामान प्रारूपांकडे, म्हणजे समुद्र व वातावरणाचे गणित संगणकावर मांडणाऱ्या ‘क्लायमेट मॉडेल’कडे, वळावे लागते.

या प्रश्नाची पहिली नेमकी मांडणी अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये केली, आणि तिला संगणकाची फारशी गरजही नव्हती. त्यांनी दोन भांडी कल्पिली. एक विषुववृत्ताकडचे, उबदार व खारट. दुसरे ध्रुवाकडचे, थंड व कमी खारट. दोन्ही भांडी तळाशी एका नळीने आणि वर एका पन्हळीने जोडलेली असून, त्यांतील पाण्याच्या घनतेत जितका फरक तितका प्रवाह अधिक. यात तापमान आणि क्षारता एकमेकांविरुद्ध ओढतात: थंडी ध्रुवाकडचे पाणी जड करते, तर गोडेपणा ते हलके करतो. मात्र दोघांच्या स्वभावात एक फरक आहे. पाणी वाजवीपेक्षा गरम झाले तर ते हवेला उष्णता देऊन लवकर मूळपदावर येते. पाणी वाजवीपेक्षा खारट झाले तर पाऊस त्याची दखल घेऊन जास्त पडत नाही. त्यामुळे क्षारतेतील बिघाड टिकून राहतो. प्रवाह मंदावला की दक्षिणेकडून येणारे मीठ घटते, उत्तरेचे पाणी आणखी हलके होते आणि प्रवाह आणखी मंदावतो. स्टॉमेल यांच्या गणितात परिस्थिती तीच असताना प्रवाहाच्या दोन स्थिर अवस्था निघाल्या. त्यांपैकी कोणती मिळेल, हे सुरुवात कोठून केली यावर ठरत होते.

स्युकुरो मानाबे आणि रोनाल्ड स्टॉफर यांना १९८८ मध्ये वातावरण व महासागर जोडलेल्या पूर्ण प्रारूपातही अशाच दोन अवस्था आढळल्या. एकीत अटलांटिकचे चक्र जोमाने चालू होते, दुसरीत ते बंद होते. त्या काळातील जोडप्रारूपे स्वतःच्या बळावर वास्तवाजवळ टिकत नसत. म्हणून समुद्राच्या पृष्ठभागावर कृत्रिमरीत्या गोडे पाणी किंवा उष्णता घालून त्यांना रुळावर ठेवले जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रारूपे सुधारली आणि ही टेकू देण्याची पद्धत मागे पडली. ही प्रगतीच होती. पण टेकू काढल्यावर प्रारूपांतील क्षारतेच्या चुका मोकळ्या झाल्या, आणि स्थैर्याच्या बाबतीत नेमक्या त्याच चुका महाग पडतात.

त्यांचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळून जाणाऱ्या ३४° दक्षिण अक्षवृत्तावर. एमॉक या रेषेवरून अटलांटिकमध्ये गोडे पाणी आणत असेल, म्हणजे आत येणारे पाणी बाहेर जाणाऱ्यापेक्षा कमी खारट असेल, तर तो मंदावताच ही आवक घटते, अटलांटिक खारट होतो आणि चक्र सावरते. उलट तो गोडे पाणी बाहेर नेत असेल, तर मंदावल्यावर तेच पाणी आत साचते आणि घसरण वाढते. निरीक्षणांनुसार एमॉक गोडे पाणी बाहेर नेतो. अनेक प्रारूपांत मात्र तो ते आत आणतो. म्हणजे हिशेबातील एका चिन्हाच्या फरकाने प्रारूपातील समुद्र खऱ्या समुद्रापेक्षा अधिक टणक ठरतो. रेने व्हॅन वेस्टेन व हेंक डाइक्स्ट्रा यांनी या चुकीचा माग काढला, तेव्हा तिचे एक मूळ हिंदी महासागरावरील पाऊस व बाष्पीभवनाच्या चुकीच्या ताळेबंदात सापडले. स्थैर्य ठरवायला ३४° दक्षिणेवरील गोड्या पाण्याचा हा एकच निर्देशांक पुरेसा आहे, असे सर्व अभ्यासक मानत नाहीत. तरी २०१७ मध्ये वेई लिऊ व सहकाऱ्यांनी एका प्रारूपातील ही चूक जुन्याच टेकूने दुरुस्त करून कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला, तेव्हा सुमारे ३०० वर्षांनी एमॉक कोसळला. दुरुस्ती न केलेल्या त्याच प्रारूपात तो मंदावून सावरला होता.

दुसरी अडचण जाळीची आहे. प्रारूप समुद्राचे चौकोनांत तुकडे करते आणि आजही अनेक प्रारूपांत चौकोनाची बाजू १०० किलोमीटरच्या आसपास असते. समुद्रातील भोवरे त्याहून लहान असल्याने त्यांचा परिणाम सूत्रांनी अंदाजावा लागतो. बाजू निम्मी केली की गणना साधारण आठपट होते, त्यामुळे हजारो वर्षांचे प्रयोग बारीक जाळीवर परवडत नाहीत. ग्रीनलंड व आइसलँड यांच्यामधील डेन्मार्क सामुद्रधुनीचा उंबरठा सुमारे ६०० मीटर खोल आहे. त्यावरून जड पाणी पातळ थराने उतारावर घसरत खोल जाते. अनेक प्रारूपांत हा उतार पायऱ्यांचा बनतो. प्रत्येक पायरीवर ते पाणी भोवतालच्या पाण्यात मिसळते, हलके होते आणि अपेक्षित खोली गाठण्याआधीच थांबते. २०१४ पासून उत्तर अटलांटिकमध्ये चाललेल्या ‘ओस्नॅप’ मोजणीत या उलथापालथीचा, म्हणजे पाणी जड होऊन खोल जाण्याचा, मोठा वाटा ग्रीनलंडच्या पूर्वेला आढळला, तर बऱ्याच प्रारूपांत ग्रीनलंड व कॅनडा यांच्यामधील लॅब्राडोर समुद्राला फाजील महत्त्व मिळालेले दिसते.

स्थैर्य तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे उत्तर अटलांटिकवर गोडे पाणी ओतणे. व्हॅन वेस्टेन, मिखाएल क्लिपहाउस आणि डाइक्स्ट्रा यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे पाणी सुमारे २,२०० प्रारूप-वर्षे अतिशय सावकाश वाढवत नेले. सुमारे १,७५० वर्षांनी, ओतलेले पाणी अर्ध्या स्वेरड्रुपच्या आसपास पोहोचल्यावर, चक्र कोसळले. ग्रीनलंडचा बर्फ अलीकडे वर्षाला सुमारे २७० अब्ज टन घटतो आहे, म्हणजे स्वेरड्रुपचा शंभरावा भागही नाही. त्यामुळे या प्रयोगावरून तारीख काढणे चूक ठरेल. त्याचे महत्त्व एवढेच, की कोसळण्याची यंत्रणा साध्या भांड्यांप्रमाणे पूर्ण प्रारूपातही शिल्लक आहे. ग्रीनलंडचे हे वितळणारे पाणी मात्र बहुतेक प्रारूपांच्या भविष्यवेधात धरलेलेच नसते.

हवामानबदलावरील संयुक्त राष्ट्रांच्या ‘आयपीसीसी’ या समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार एमॉक या शतकात मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे. तो २१०० पूर्वी एकाएकी कोसळणार नाही, या विधानाला मात्र ‘मध्यम’ खात्रीच दिली आहे. २०२५ मध्ये जोनाथन बेकर व सहकाऱ्यांनी ३४ प्रारूपे तपासली. टोकाच्या तापमानवाढीतही दक्षिण महासागरावरील वारे खोल पाणी वर खेचत राहतात आणि त्यामुळे दुर्बल का होईना, एमॉक चालू राहतो, असे त्यांना आढळले. दुर्बल एमॉकला ‘चालू’ म्हणायचे की ‘कोसळलेला’, यावरच बराचसा वाद अडून आहे.

प्रारूपांची खरी परीक्षा भूतकाळात होते. हिमयुगात ग्रीनलंडचे तापमान वारंवार काही दशकांतच बदलले आणि या उड्यांचा संबंध एमॉकच्या बदलांशी जोडला जातो. पॉल वाल्डेस यांनी २०११ मध्ये लक्ष वेधले, की आजच्या हवामानाशी जुळवून बांधलेली प्रारूपे असे बदल सहजी घडवत नाहीत. त्यांना बराच धक्का द्यावा लागतो. या उड्यांची नोंद भारताच्या जवळही आहे. गोडे पाणी ओतण्याच्या प्रयोगांत उष्ण कटिबंधातील पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि भारतीय मान्सून दुबळा होतो. अरबी समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळातही ग्रीनलंड थंड असतानाचे थर दुबळ्या मान्सूनची साक्ष देतात.