सर्फिंग शिकायचंय, पण कोणत्या कोवळमला?

माझ्या भाचीने ऑगस्टमधल्या जोडून आलेल्या सुट्ट्यांसाठी सर्फिंगचा तीन दिवसांचा वर्ग ठरवला आणि विमानाचं तिकीट काढायला बसली ते तिरुवनंतपुरमचं. वर्ग होता चेन्नईजवळ. दोन्हीकडे गावाचं नाव कोवळम, दोन्हीकडे सर्फिंग शिकवतात आणि मधलं अंतर सातशे किलोमीटरहून जास्त. वेळेत लक्षात आलं म्हणून पैसे वाचले. पण पैशांपेक्षा मला वेगळीच काळजी वाटली होती. ऑगस्टमध्ये केरळच्या कोवळमला पोचली असती, तर पाण्यात पाऊलही टाकू नये असा समुद्र तिला भेटला असता.

केरळचं कोवळम आपल्याला फोटोंतून ओळखीचं आहे. तिरुवनंतपुरमपासून साधारण 15 किलोमीटरवर, खडकाळ टेकाडांनी वेगळ्या झालेल्या अर्धचंद्राकृती पुळणी आणि दक्षिण टोकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं विळिंजमचं दीपगृह. तमिळनाडूचं कोवळम म्हणजे इंग्रजांच्या कागदपत्रांतलं कव्हलाँग. चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटर, महाबलीपुरमच्या अलीकडे. मूळचं कोळ्यांचं गाव. इथला किल्ला 1752 मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने घेतला होता. (कन्याकुमारीजवळही एक कोवळम आहे, त्यामुळे नकाशात नुसतं नाव टाकून शोधू नकाच.)

पहिलं गाव अरबी समुद्रावर, दुसरं बंगालच्या उपसागरावर. शिकणाऱ्याच्या दृष्टीने सगळा फरक इथून सुरू होतो, कारण एकच वारा या दोन किनाऱ्यांना उलट भेटतो.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, तेच इथे उपयोगी पडतात. चांगली लाट मुळात बरीच लांबून येते, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळांतून. ती किनाऱ्याशी कशी फुटणार हे मात्र बरंचसं तिथल्या वाऱ्यावर ठरतं. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर तो लाटेला समोरून तोलून धरतो. लाट उशिरा फुटते आणि तिचा चेहरा गुळगुळीत राहतो. समुद्राकडून जोराचा वारा आला की तो लाटेला पाठीमागून ढकलतो. ती वेडीवाकडी कोसळते आणि नुसता फेस उरतो.

आता जून ते सप्टेंबरचा नैर्ऋत्य मोसमी वारा घ्या. केरळच्या किनाऱ्यावर तो समुद्राकडून थेट आदळतो. आपल्या कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात, तसलाच तो समुद्र. तोच वारा द्वीपकल्प ओलांडून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचतो तेव्हा जमिनीकडून आलेला असतो. पाऊसही तोवर बराचसा घाटातच पडून गेलेला. म्हणून तिथे याच महिन्यांत सकाळच्या लाटा नेटक्या आणि दमदार असतात. ऑगस्ट 2023 मध्ये महाबलीपुरमला आंतरराष्ट्रीय सर्फिंग स्पर्धा झाली, ऑगस्ट 2025 मध्ये तिथेच आशियाई स्पर्धा झाली आणि भारताच्या रमेश बुदिहाळने कांस्य जिंकलं. भर पावसाळ्याचा महिना निवडला, तो याच वाऱ्याच्या भरवशावर. दुपारकडे मात्र खारे वारे सुटतात आणि पाणी विस्कटतं. वर्ग पहाटे सहाला का बोलावतात, याचं उत्तर हेच.

ऑक्टोबर ते डिसेंबर पारडं फिरतं. ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळं तमिळनाडूच्या वाट्याला येतात. केरळच्या बाजूला दुपारच्या गडगडाटी सरी असतात, पण समुद्र निवळू लागतो आणि डिसेंबर ते मार्च तर लहान, समंजस लाटा मिळतात. अगदी नवख्याला मी तेच महिने सुचवेन.

पाण्याखालचा तळही वेगळा. तमिळनाडूच्या कोवळमला खडकाळ टोकाला वळसा घालून लाट एका बाजूने क्रमाने उलगडत जाते, म्हणून सरावलेल्यांना तिचं वेड. पहिल्या दिवशी तिकडे कुणी नेत नाही. वर्ग भरतो टोकाच्या आतल्या वाळूवर. केरळला टेकाडांमधल्या वाळूच्या तळावर लाटा फुटतात. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि तळाचा आकारच बदलतो.

शिकवण्याची पद्धत दोन्हीकडे जवळपास सारखी. वाळूवर बोर्डाची आकृती काढायची, तिच्यावर पालथं पडायचं, छातीशी तळवे टेकवायचे आणि एका दमात उभं राहायचं. वीस-पंचवीस वेळा. मग आठ-नऊ फुटांचा मऊ फोमचा बोर्ड, घोट्याला लीश, म्हणजे बोर्डाला बांधून ठेवणारी दोरी, आणि कमरेएवढं पाणी. लाट फुटून पांढरा फेस झाला की शिकवणारा बोर्डाला मागून ढकलतो आणि ओरडतो, ‘उठा!’ नजर पायांकडे गेली की पडलाच. ती किनाऱ्यावरच्या एखाद्या माडावर ठेवायची. शिकवणाऱ्याला तुम्ही केरळात ‘चेट्टा’ म्हणाल, तमिळनाडूत ‘अण्णा’; दोन्हींचा अर्थ दादा.

खडकांच्या कडेला पाणी समुद्राकडे ओढतं, ती खेच दोन्ही गावांना आहे. सापडलात तर बोर्ड सोडू नका आणि प्रवाहाविरुद्ध हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर सरका. लाल बावटा असेल तर त्या दिवशी वर्ग नाही, पैसे भरलेले असले तरी.

आणखी एक गोंधळ ‘ब्लू फ्लॅग’चा, म्हणजे स्वच्छ, सुरक्षित पुळणींना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानांकनाचा. 2021 मध्ये हे मानांकन मिळालं ते तमिळनाडूच्या कोवळमला, पण बातमीसोबत फोटो केरळच्या दीपगृहाचा लावलेला मी पाहिला आहे.

तेव्हा गणपतीच्या आसपास जमणार असेल तर चेन्नईचं तिकीट काढा, नाताळात तिरुवनंतपुरमचं. दिवाळीत मीही केरळच निवडेन, सकाळचा वर्ग धरून. मे महिन्यात केरळला जाणार असाल तर आधी ‘कल्लक्कडल’चा इशारा आहे का ते बघा. हा शब्द तिथल्या कोळ्यांचा: चोरासारखा येणारा समुद्र. वारा नाही, ढग नाही, आणि दूर दक्षिणेतून आलेलं उधाण अचानक पुळणीवर चढतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तसा इशारा आधी देते. भाचीला मी तो रोज सकाळी बघायला लावला आहे, कारण आता तिला दुसरं कोवळमही करायचं आहे.