एकास तीन म्हणजे एक तृतीयांश नव्हे

इडलीसाठी भिजत घालताना मुलांना विचारून बघा: एक वाटी उडीद डाळ आणि तीन वाट्या तांदूळ, तर यात डाळ किती? 'एक तृतीयांश' हे उत्तर हमखास येतं, मोठ्यांकडूनही. पण वाट्या झाल्या चार, त्यातली एक डाळीची. म्हणजे एकूण मिश्रणात डाळ पाव. तांदळाशी ताडून पाहिलं, तर ती तांदळाच्या एक तृतीयांश. आकडे दोन्ही खरे आहेत, पण 'कशाचा?' हे विचारल्याशिवाय ते काहीच सांगत नाहीत.

अपूर्णांक अख्ख्याचा भाग सांगतो, तर गुणोत्तर दोन गोष्टी एकमेकींशी ताडून बघतं. स्वयंपाकघरात दोन्ही एकाच वाटीने मोजले जातात, म्हणून गल्लत होते.

लहानग्यांची सुरुवात पोळीपासूनच करावी, असं मला ठामपणे वाटतं. अख्खी पोळी डोळ्यांसमोर असते, तिचे चार तुकडे केले आणि एक खाल्ला की पाऊण उरते. तुकडे सारखेच हवेत, हेही इथेच कळतं: एकाने पोळी अर्धी करायची आणि दुसऱ्याने आधी तुकडा उचलायचा, की 'मोठा अर्धा मला' हा हट्ट आपोआप संपतो. फुलक्याचा अर्धा आणि पुरणपोळीची अर्धी सारख्या नसतात, हेही दाखवा.

भाताचं तसं नाही. तांदळाच्या दुप्पट पाणी, मग वाटी लहान असो की मोठी. दोन्हींसाठी तीच वापरली म्हणजे झालं. तांदूळ दुप्पट केले तर पाणीही दुप्पट, आणि गुणोत्तर जिथल्या तिथे. अर्धी पोळी दुप्पट केली तर मात्र अख्खी होते.

खरी गंमत बेरजेत आहे. १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं की वहीवर लाल फुली पडते, आणि ती योग्यच आहे. पण ही चूक अगदीच बिनबुडाची नाही. एका पातेल्यात एक वाटी डाळीला दोन वाट्या तांदूळ, दुसऱ्यात एक वाटी डाळीला तीन वाट्या तांदूळ घेऊन दोन्ही एकत्र करा: डाळ दोन वाट्या, तांदूळ पाच. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणं गुणोत्तराच्या या मिश्रणात बरोबर ठरतं! आता २४० मिलीचा मापाचा कप घ्या. त्यात अर्धा कप पाणी म्हणजे १२० मिली, वर एक तृतीयांश म्हणजे ८० मिली. पाणी २०० मिलीवर, जवळजवळ काठाला येतं. २/५ तर अर्ध्याहूनही कमी. १/२ मध्ये भर घालून अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल, हा प्रश्न मग मूलच विचारतं. उत्तर ५/६, हे त्यानंतर कागदावर करावं.

महाराष्ट्रात गुणोत्तर सहावीच्या पुस्तकात येतं, अपूर्णांक त्याच्या कितीतरी आधी. म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलांना 'एकास तीन' घाईने अपूर्णांकात लिहायला लावू नका. चमच्याने मोजू द्या, तेवढं पुरे.

थोडी मोठी झाली की हे द्या: एकास तीन मिश्रण बारा चमचे हवंय, डाळ किती? 'चार' म्हणालं, तर टोकू नका. ताटात चार चमचे डाळ आणि आठ चमचे तांदूळ शेजारी-शेजारी घालू द्या, आणि एका चमचा डाळीला किती चमचे तांदूळ आले ते त्यालाच मोजू द्या.