ग्रामपंचायतीच्या कामाचे कागद कसे मागायचे? माहिती अधिकाराचा अर्ज

गल्लीतला काँक्रीट रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला की मनात पहिला प्रश्न येतो, 'रस्ता इतका निकृष्ट का झाला?' माझ्या पहिल्या अर्जात मी हेच लिहिलं होतं. उत्तर एका ओळीत आलं: माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. वाईट वाटलं, पण माहितीचा अधिकार अधिनियम 2005 नुसार कार्यालयात जे दप्तरी आहे तेच मागता येतं. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा.

उदाहरणार्थ: 'अमुक गल्लीतील काँक्रीट रस्त्याचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अदा केलेली देयके व पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. कालावधी 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024.'

यातली मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, अजिबात सोडू नका. किती लांबी, रुंदी, जाडी धरून बिल निघालं ते तिच्यात असतं. लांबी-रुंदी टेप लावून मोजता येते, जाडी उखडलेल्या कडेला उघडी दिसते. साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचीही कायद्यात तरतूद आहे.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो, त्याच गावचा असायला हवा असं नाही. मंडळाच्या लेटरहेडवर न करता स्वतःच्या नावानं करा. माहिती कशाला हवी, हे सांगायचं बंधन नाही.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे नियमांत ठरवून दिलेल्या नमुन्यात, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांपर्यंत. वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारानं दाखल्याची प्रत जोडली की शुल्क नाही. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यायचा; ग्रामपंचायतीत ते साधारणपणे ग्रामपंचायत अधिकारी असतात (2024 पर्यंत या पदाला ग्रामसेवक म्हणत). अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्याच, उत्तराची मुदत या पोचेवर मोजली जाते.

प्रतींना पानामागे 2 रुपये पडतात. फाइल जाडजूड असेल तर मी आधी अभिलेख पाहायला मागते. पहिला तास मोफत असतो, आणि नेमकी कोणती पानं हवीत ते तिथंच ठरतं.

उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या 30 दिवसांत जोडपत्र 'ब' मध्ये पहिलं अपील करा, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. ते बहुधा पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडे जातं. तिथंही दाद लागली नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग रोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड करू शकतो.

मुदत उलटल्यावर प्रतींचे पैसे मागितले तर कलम 7(6) दाखवा. उशिरा दिलेली माहिती मोफतच द्यावी लागते.