जलपरीचं शेपूट उभं की आडवं?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली होती. लोक मासळी निवडत होते आणि मी बाजूला वाळूत बसून वहीत जलपरी काढत होते. मुलांच्या एका गोष्टीसाठी ती हवी होती. कमरेच्या वर बाई, खाली मासा, अंगावर खवले. जाळं आवरणाऱ्या एका काकांनी वाकून चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "गो, पण ही श्वास खंयसून घेता?"

कल्ले मी काढलेच नव्हते. नाक होतं, छाती होती, म्हणजे फुप्फुसं आली. आणि फुप्फुसं आली की शेपटाचंही उत्तर द्यावं लागतं.

बांगडा घ्या नाहीतर सुरमई, माशाचं शेपूट उभं असतं आणि डावी-उजवीकडे हलतं, कारण त्याचा कणा बाजूंना वळतो. भिंतीवरची पालसुद्धा तशीच वळवळत पळते. सस्तन प्राण्यांचं तसं नाही. कुत्रा जीव खाऊन धावतो तेव्हा त्याची पाठ कमानीसारखी वर येते आणि पुन्हा ताणली जाते. डॉल्फिन आणि देवमासे अशाच चार पायांच्या, जमिनीवरच्या पूर्वजांचे वंशज. त्या पूर्वजांचा एक जवळचा नातलग आपल्याच देशात सापडला आहे. जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यात, कालाकोटच्या परिसरात, भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांतून इंडोह्यूस नावाच्या प्राण्याची हाडं निघाली. मांजराएवढा, खुरांचा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा प्राणी. त्याचं देवमाशांशी असलेलं नातं २००७ साली जगापुढे आलं. पुढे या कुळातले पाय गेले, पर आले, पण कण्याची वर-खाली वाकण्याची सवय सुटली नाही. म्हणून डॉल्फिनचं शेपूट आडवं. तारकर्लीला किंवा दापोलीकडे होडीतून डॉल्फिन बघायला गेलात तर उडीची वाट बघत बसू नका. पाण्याबाहेर येऊन पुन्हा आत जाणारी ती पाठीची कमान बघा. धावणारा प्राणी आहे तो, फक्त पाण्यात धावतो.

जलपरी अर्धी माणूस असेल तर तिचा कणाही आपलाच. शेपूट आडवं हवं. मी ते खोडलं आणि मग एकामागून एक बरंच काही खोडावं लागलं. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं, म्हणून डॉल्फिनच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. माझ्या जलपरीची मुठीत मावेल अशी कंबर गेली. खांद्यापासून शेपटापर्यंत अंग गोलसर, भरलेलं झालं. खवल्यांवर मात्र मी हट्ट धरला, आणि त्याला आधारही मिळाला. कोकणातल्या रानात खवले मांजर आहे, ते सस्तनच. त्याचे खवले आपल्या नखांसारखेच केराटिनचे असतात. मग मी जलपरीचे खवलेही नखासारखे काढले: जाड, एकावर एक चढलेले, कडेला झिजलेले.

रंगासाठी बाजारातून बांगडा आणून ताटात ठेवला. ताज्या बांगड्याची पाठ निळसर हिरवी असते, तिच्यावर गडद रेघा, आणि पोट चांदीसारखं पांढरं. हे असं का, याचा नीट उलगडा केला तो एका चित्रकाराने. ॲबट थेयर हा अमेरिकन चित्रकार आयुष्यभर छायाप्रकाश रंगवत होता. उजेड वरून पडतो, त्यामुळे कुठल्याही गोल वस्तूची वरची बाजू उजळ आणि खालची काळोखी दिसते. चित्रात गोलाई आणायला आपण हेच करतो. प्राण्याची पाठ गडद आणि पोट फिकट असेल तर ही सावली पुसली जाते, गोलाई हरवते आणि प्राणी नजरेतून निसटतो, असं थेयरने १८९६ साली मांडलं. कागदावर गोलाई आणण्याची जी रीत आहे, तीच निसर्ग उलटी वापरतो. चित्रकार म्हणून मला या शोधाचा फार अभिमान वाटतो.

जंजिऱ्याच्या महादरवाज्यावरचा शरभ अनेकांनी पाहिला असेल. वाघासारखा पशू, आणि त्याच्या पंजांत चक्क हत्ती. ते सामर्थ्याचं प्रतीक आहे आणि प्रतीक म्हणून उत्तम आहे; हाडामांसाचा हिशेब त्याला कुणी मागू नये. पण तोच शरभ एखाद्या गोष्टीत चालवायचा झाला तर? वाघ सगळ्या बाजूंनी दहापट करा. खांद्यापाशी एक मीटर उंच होता, तो दहा मीटर झाला. पंजाही दहापट, तरी त्यात हत्तीचं पिल्लूच जेमतेम मावेल. वजन मात्र लांबी, रुंदी, उंची अशा तिन्हींनी वाढतं, म्हणजे हजारपट: २०० किलोचा वाघ २०० टनांचा. हाडाची ताकद त्याच्या आडव्या छेदावर ठरते, आणि तो वाढतो फक्त शंभरपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पूर्वीच्या दहापट भार. पहिल्याच उडीत पाय मोडेल.

गॅलिलिओने १६३८ साली हे सांगितलं आणि सोबत एक चित्रही दिलं: एक साधं हाड, आणि शेजारी तेच तिप्पट लांब झालं तर तितकंच काम करायला किती जाड लागेल ते. दुसरं हाड ओळखू येत नाही इतकं बेढब आहे. राक्षस काढणाऱ्याने ते चित्र एकदा पाहावंच. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ असतात आणि हत्ती उडी मारत नाही, ते याच कारणाने. तेव्हा शरभ मोठा हवा असेल तर त्याची चाल वाघाची ठेवू नका, हत्तीची द्या. दबकत झेप घेणारा नको, सावकाश येणारा आणि न थांबणारा हवा. मला तर तोच जास्त भीतिदायक वाटतो.

पंखांचं थोडक्यात. पक्ष्याचे आणि वटवाघळाचे पंख म्हणजे त्यांचे हातच. पाठीवर वेगळे पंख लावले तर ते ओढणारे स्नायू छातीवर कुठेतरी दाखवायला हवेत, नाहीतर ते नाटकातल्या पोशाखासारखे दिसतात.

पाहणाऱ्याला शरीरशास्त्र येत नसतं, पण चालणारी, पोहणारी, धापा टाकणारी शरीरं त्याने जन्मभर पाहिलेली असतात. काकांनी अख्खी जलपरी मान्य केली होती, अडले ते श्वासापाशी.

सध्या मी गिऱ्हा काढते आहे. पाण्यात बुडून मेलेल्याचं हे भूत, खाडीकाठच्या घरांत आजीकडून ऐकलेलं. त्यासाठी ओहोटीला तिवरांच्या कडेला जाऊन बसते. चिखलात निवट्या असतात: मासाच, पण पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखा सरपटणारा. डोळे डोक्याच्या अगदी वर. मधूनच एक डोळा खालच्या खोबणीत ओढला जातो आणि ओला होऊन वर येतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरलेलं असतं, आणि ओल्या कातडीतूनही श्वास चालतो, म्हणून अंग वाळायला लागलं की निवटी कुशीवर लोळून ते चिखलात भिजवून घेते. पाण्यापासून फार लांब ती जाऊच शकत नाही.

माझ्या गिऱ्ह्याला मी ही कातडी दिली आहे. त्यामुळे तो उन्हात येत नाही, ओहोटीच्या रेषेपलीकडे माणसाचा पाठलाग करत नाही आणि उंबऱ्याशी आला तर ओल्या चिखलाचा माग ठेवून जातो. डोळे वर सरकवले, तेव्हा कपाळ गेलं आणि चेहऱ्यावरचा राग कुठे दाखवायचा ते कळेना; आता तो गालांच्या फुगण्यात दाखवते आहे. आजीच्या गोष्टीत त्याला लांब केस होते. श्वास घेणाऱ्या कातडीवर केस कसे बसवायचे, ते अजून सुटलेलं नाही.